ऑपेरातील आरिया मंद्र पितळी वाद्यांवर : ऑफिक्लाइड, युफोनियम आणि ट्यूबा

खर्जनळी (मूळ लेखन)

मी बरीच वर्षे युफोनियम (व्हॉल्व्हचे, रुंद नळीचे पितळी वाद्य) वाजवतो आहे आणि गेल्या दीड वर्षापासून सी स्वरातले, अकरा चाव्यांचे एक जुने ऑफिक्लाइडही (चाव्यांनी भोके उघडणारे पितळी वाद्य) माझ्याकडे आहे. दोन्हींवर मी प्रामुख्याने ऑपेरातील बास (सर्वांत खालच्या आवाजाच्या) आणि बॅरिटोन (त्याहून थोड्या वरच्या) गायकांच्या आरिया, म्हणजे एकल गीते, वाजवतो. हे करताना एक गोष्ट सतत खटकत आली आहे आणि तिच्याविषयी येथील वादकांचे मत घ्यावे, यासाठी हा धागा.

मोत्सार्टच्या 'द मॅजिक फ्लूट' (1791) मधील सारास्त्रोची 'इन डीझेन हाइलगेन हालेन' ही आरिया मी दोन्ही वाद्यांवर वाजवून ध्वनिमुद्रित केली. युफोनियमवरचे वादन सुरेल होते, एका सुरातून दुसऱ्या सुरात जाताना कोठे सांधा जाणवत नव्हता, आणि तरीही ते ऐकताना मला कंटाळा आला. ऑफिक्लाइडवरच्या वादनात दोन सूर उघड उघड घसरलेले होते, एका ठिकाणी चावीची खटखट ऐकू येत होती, पण ते शेवटपर्यंत ऐकावेसे वाटले. जर्मन न येणाऱ्या आणि ही आरिया पूर्वी न ऐकलेल्या एका स्नेह्याला दोन्ही मुद्रणे ऐकवली, तेव्हा त्याने पहिल्याला 'छान' म्हटले आणि दुसऱ्याच्या वेळी 'हा काय सांगतो आहे?' असे विचारले.

यावर विचार करताना मला जे कारण सापडले, ते असे. युफोनियमवर व्हॉल्व्ह (हवेची वाट बदलणारी कळ) दाबला की नळीला जादा तुकडा जोडला जातो आणि नळी लांब होते, परंतु ध्वनी नेहमी बेलमधूनच, म्हणजे नळीच्या रुंद तोंडातूनच, बाहेर पडतो. त्यामुळे सगळ्या सुरांचा पोत जवळपास एकसारखा राहतो. ऑफिक्लाइडची रचना याच्या उलट आहे. बेलजवळची एक चावी सोडली तर बाकी सर्व चाव्या मिटलेल्या असतात आणि चावी दाबली की नळीच्या अंगावरचे भोक उघडून नळी जणू आखूड होते. सूर कोणत्या भोकातून बाहेर पडतो त्यावर त्याचा रंग ठरतो. एखादा सूर मोकळा, एखादा बंदिस्त, एखादा घोगरा, एखादा उजळ. वाद्यनिर्मात्याच्या दृष्टीने हा दोष आहे. पण माणूस गातो तेव्हा नेमके हेच घडत असते. 'आ', 'ई', 'ऊ' यांचा रंग वेगवेगळा असतो म्हणून तर शब्द ऐकू येतात.

(मराठीत वर्णमालेतला स्वर आणि संगीतातला स्वर यांना एकच शब्द आहे आणि अशा चर्चेत त्याने घोटाळा होतो. म्हणून संगीताच्या बाबतीत मी शक्यतो 'सूर' म्हणेन आणि वर्णमालेतल्याला 'स्वरवर्ण'.)

सारांश, ऑफिक्लाइड न मागता स्वरवर्ण देते, तर युफोनियमवर ते वादकाला स्वतः निर्माण करावे लागतात, आणि आपल्यापैकी बहुतेक जण ते करत नाहीत, कारण पोत एकसारखा राखणे हेच आपल्याला पहिल्या दिवसापासून शिकवलेले असते. या म्हणण्यात काही तथ्य आहे का, की जुन्या वाद्याच्या प्रेमापोटी मी दोषालाच गुण म्हणतो आहे, हे कृपया मोकळेपणाने सांगावे.

पाचवा व्हॉल्व्ह

मोकळेपणाने सांगायचे तर दुसरी शक्यता अधिक दिसते.

ऑफिक्लाइडचा रंग सुरागणिक बदलतो हे खरे, परंतु तो शब्दागणिक बदलत नाही. एखाद्या भोकातून निघणारा बंदिस्त सूर सारास्त्रोच्या 'हालेन' या शब्दातल्या मोकळ्या 'आ'वर आला, तर तुमचे वाद्य तेथे चुकीचाच स्वरवर्ण उच्चारणार. ज्याला आपण बोलणे समजत आहात ते योगायोगाचे बोबडेपण असू शकते. आपल्या स्नेह्याला 'काय सांगतो आहे' असा प्रश्न पडला, याचा अर्थ सांगणे पोहोचले असा होत नाही.

युफोनियमवर अन्याय होतो आहे म्हणून थोडे त्याच्या बाजूने. वेर्दीच्या 'इल त्रोवातोरे' (1853) मधील काउंट दि लूनाची 'इल बालेन देल सुओ सोर्रीझो' ही आरिया बी फ्लॅट मेजर या स्वरपट्टीत आहे आणि बी फ्लॅट युफोनियमच्या हाताखाली ती अशी बसते, की जणू त्याच्यासाठीच लिहिली असावी. त्या आरियेत बॅरिटोनला बराच वेळ आवाजाच्या वरच्या टप्प्यात, पण न ओरडता, राहावे लागते. युफोनियमचा सर्वांत सुंदर पट्टा नेमका तोच आहे. हेच ऑफिक्लाइडवर वाजवून पाहा आणि मग बोलू.

शिवाय व्हॉल्व्हच्या वाद्यांनी ऑपेरा गायला नाही, असे म्हणणे इतिहासालाही धरून नाही. इटलीतील बांदांमध्ये, म्हणजे तेथील बँडमध्ये, विशेषतः दक्षिणेकडील पुलिया प्रांतात, गायकांच्या भूमिका पितळी वाद्यांना वाटून देण्याची जुनी परंपरा आहे. सोप्रानोचे काम फ्लिकोर्नो सोप्रानो करतो, टेनरचे फ्लिकोर्नो तेनोरे आणि बॅरिटोनचे बोंबार्दिनो, म्हणजे आपल्या युफोनियमचा इटालियन भाऊ. ज्या गावांत नाट्यगृह नव्हते, तेथील लोकांनी वेर्दी आणि दोनिझेत्ती प्रथम ऐकले ते चौकात आणि बहुधा बोंबार्दिनोच्या तोंडून. त्या श्रोत्यांना शब्द पाठ असत, त्यामुळे वादकाने वाक्य भलत्याच ठिकाणी तोडलेले त्यांच्या लगेच ध्यानात येत असणार. पोंकिएल्ली 'ला जोकोंदा' (1876) लिहिण्यापूर्वी क्रेमोनात बँडचे प्रमुख होते आणि 1872 मध्ये त्यांनी फ्लिकोर्नो बास्सोसाठी (युफोनियमच्याच जातीचे वाद्य) कॉन्चेर्तो, म्हणजे एका मुख्य वाद्यासाठीची मोठी रचना, लिहिला. तो वाजवला आहे अशा कोणालाही विचारा, ती गाण्याची भाषा आहे की नाही.

सरकती नळी

दोघेही ट्रॉम्बोनला विसरलात याचे वाईट वाटले, पण सवय आहे.

एका सुरातून दुसऱ्या सुरात घसरत जाणे, ज्याला इटालियन गायक पोर्तामेंतो म्हणतात आणि ज्याला आपण सोयीसाठी मींड म्हणू शकतो, ते मंद्र पितळी वाद्यांत खऱ्या अर्थाने फक्त स्लाइडवर, म्हणजे ट्रॉम्बोनच्या सरकत्या नळीवर, शक्य आहे. व्हॉल्व्ह अर्धवट दाबून जे होते ते अनुकरण आहे आणि ऑफिक्लाइडवर तर दोन चाव्यांच्या मध्ये काहीच नाही. गंमत अशी की ट्रॉम्बोनवादकाचे अर्धे आयुष्य हे घसरणे लपवण्यात जाते. जिभेचा हलका स्पर्श कोठे करायचा आणि स्लाइड किती झटकन हलवायची, याचाच सराव आम्ही करतो, आणि त्यासाठी आमच्याकडे जे पुस्तक सर्वाधिक वापरले जाते ते मुळात गायकांचे आहे. मार्को बोर्दोन्यी (1789–1856) हे इटालियन टेनर, पुढे पॅरिसच्या कॉन्झर्वेटरीत गायन शिकवत. त्यांच्या शब्दरहित गायनपाठांपैकी 120 पाठ बोस्टन सिंफनीचे ट्रॉम्बोनवादक जोआनेस रोशू यांनी ट्रॉम्बोनसाठी उतरवले आणि ते 1928 मध्ये प्रसिद्ध झाले. आज युफोनियम आणि ट्यूबाचे (सर्वांत खर्जातले, मोठे पितळी वाद्य) विद्यार्थीही तेच वाजवतात.

मात्र मूळ लेखातील तक्रारीचे मूळ मला येथेच दिसते. बोर्दोन्यींचे पाठ मुळातच शब्दाविना आहेत. गायक ते एका स्वरवर्णावर गातो, कारण त्याला पुढे शब्द गायचे असतात आणि त्याआधी आवाज एकसंध करून घ्यायचा असतो. आम्ही मात्र त्या तयारीलाच मुक्काम समजून बसलो. दहा वर्षे एकाच 'ओ'वर गाणाऱ्या माणसाने एके दिवशी आरिया घेतली, तर तीही तो 'ओ'वरच गाणार. यात व्हॉल्व्हचा दोष नाही आणि भोकांचा गुणही नाही.

नवशिकी

मी केवळ एक वर्षापासून ट्यूबा शिकते आहे, त्यामुळे प्रश्न बालिश वाटल्यास क्षमा असावी. ऑफिक्लाइड आणि सर्पंट ही एकच गोष्ट आहे का? आणि ही वाद्ये ऑपेराच्या वाद्यवृंदात खरोखर वाजत असत, की फक्त लष्करी बँडमध्ये?

खर्जनळी

प्रश्न अजिबात बालिश नाही. नावामुळे गोंधळ होतोच, कारण 'ऑफिक्लाइड' या ग्रीक शब्दांच्या जोडणीचा अर्थच 'चाव्यांचा साप' असा आहे.

सर्पंट त्याच्या कितीतरी आधीचे. त्याचा शोध सुमारे 1590 मध्ये फ्रान्समधील ओसेर येथील एदमे गियोम या धर्मगुरूने लावल्याचे परंपरेने सांगितले जाते. ते लाकडाचे, वरून चामडे चढवलेले, सापासारखे वळणदार असून सरळ केल्यास साधारण अडीच मीटर भरेल. चर्चमधील पुरुषांच्या सामूहिक गायनाला खालून आधार देणे हे त्याचे काम होते, म्हणजे जन्मापासूनच ते माणसाच्या आवाजाला चिकटलेले आहे. त्याला बोटांसाठी सहा भोके असतात आणि ती ध्वनिशास्त्राप्रमाणे जेथे हवीत तेथे नसून हाताची बोटे जेथे पोहोचतात तेथे आहेत, शिवाय नळीच्या मानाने फारच लहान आहेत. परिणामी बोटे सूर केवळ सुचवतात, खरा सूर ओठांना लावावा लागतो. मनात सूर आधी ऐकू आला नाही, तर सर्पंट आपल्याला हवा तो सूर देत नाही. मी एकदाच, तेही दुसऱ्याचे, सर्पंट वाजवून पाहिले आणि पंधरा मिनिटांत लक्षात आले की मी वाद्य वाजवत नसून एका अनोळखी घशाने गाण्याचा प्रयत्न करतो आहे.

ऑफिक्लाइड पितळेचे. ते पॅरिसच्या आलारी यांनी तयार केले आणि 1821 मध्ये त्याचे पेटंट घेतले. ऑपेरात ते खरोखर आणि भरपूर वाजले. स्पोंतिनीच्या 'ओलिंपी' (1819) पासून मायरबेअरच्या 'रोबेर ल दियाब्ल' (1831) आणि 'ले ह्युगनो' (1836) पर्यंत पॅरिसच्या ऑपेरात त्याचे राज्य होते. वाग्नरच्या 'रिएन्झी' (1842) मध्ये तर सर्पंट आणि ऑफिक्लाइड दोन्ही आहेत. बर्लिनमध्ये व्हीप्रेख्ट आणि मोरित्स यांनी 1835 मध्ये पाच व्हॉल्व्हच्या एफ ट्यूबाचे पेटंट घेतले आणि त्यानंतर काही दशकांत ट्यूबाने ही जागा घेतली.

त्याची चेष्टाही तितकीच झाली, हेही सांगितले पाहिजे. बेर्लिओझने स्वतःच्या रचनांत ऑफिक्लाइड वापरले, पण वाद्यवृंदावरील आपल्या ग्रंथात त्याच्या जलद वादनाला गोठ्यातून सुटून दिवाणखान्यात शिरलेल्या बैलाची उपमा दिली. सर्पंटविषयी तर त्याने याहून कडक लिहिले आहे. परंतु त्याच शतकात लंडनमध्ये प्रॉस्पेर आणि नंतर सॅम्युएल ह्यूज हे ऑफिक्लाइडवादक एकल वादनासाठी नावाजले गेले, आणि त्या काळच्या ऑफिक्लाइडवादकांचे एक अत्यंत आवडते गाणे होते हँडेलच्या 'एसिस अँड गॅलतिया' (1718) मधील पॉलिफीमस राक्षसाची 'ओ रडियर दॅन द चेरी' ही बास आरिया. प्रेमात पडलेला अजस्र राक्षस, त्याच्या मोठमोठ्या उड्या आणि धावत्या ताना, आणि वरती एका चिमुकल्या रेकॉर्डरची साथ. हँडेलने विनोद आधीच लिहून ठेवला आहे. बैल दिवाणखान्यात शिरतोच, फक्त येथे त्याला आमंत्रण आहे.

'पाचवा व्हॉल्व्ह' यांचे म्हणणे मला निम्मे मान्य आहे. वाद्याचा रंग शब्दांशी जुळेलच असे नाही. पण वादकाला तो जुळवता येतो, कारण ऑफिक्लाइडवर बऱ्याच सुरांना एकाहून अधिक चाव्यांचे पर्याय असतात. 'हालेन'साठी मी मुद्दाम मोकळ्या रंगाची बोटे शोधली. पर्याय शोधता शोधताच शब्द पाठ झाला, ही मात्र अनपेक्षित मिळकत.

ध्वनिकुतूहल

मी वादक नाही, ध्वनिशास्त्राचा अभ्यास आहे म्हणून दोन गोष्टी मांडतो. त्यांतील पहिली आपल्या सर्वांच्या विरोधात जाणारी आहे.

ऑपेरातील पुरुष गायकांचा आवाज मोठ्या वाद्यवृंदातून ध्वनिवर्धकाशिवाय ऐकू येतो, कारण त्यांच्या आवाजात सुमारे 2500 ते 3000 हर्ट्झच्या आसपास ऊर्जेचा एक जादा उंचवटा असतो. स्वीडिश संशोधक योहान सुंडबेर्ग यांच्या कामामुळे ही गोष्ट प्रसिद्ध झाली. वाद्यवृंदाची ऊर्जा मुख्यतः 500 हर्ट्झच्या आसपास एकवटलेली असते आणि वर ती झपाट्याने उतरत जाते, त्यामुळे गायकाचा हा उंचवटा मोकळ्या जागेत चमकतो. महत्त्वाचे म्हणजे गायक हळू गात असतानाही ही चमक बऱ्याच प्रमाणात टिकवून ठेवू शकतो. रुंद, शंकूच्या आकाराच्या नळीचे पितळी वाद्य, मग ते ऑफिक्लाइड असो, युफोनियम असो वा ट्यूबा, या पट्ट्यात स्वभावतः फिके असते. म्हणून ही वाद्ये गायकासारखी 'उबदार' वाटली तरी गायकासारखी 'पोहोचत' नाहीत.

दुसरी गोष्ट ट्रॉम्बोनविषयी. लांबवर सरळ, अरुंद नळीत जोराने फुंकले असता दाबाच्या लाटेचा पुढचा कडा चढत चढत तीव्र होतो. ट्रॉम्बोनमध्ये अशा आघातलहरी निर्माण होतात, हे 1996 मध्ये प्रयोगाने दाखवले गेले. त्यातूनच तो झणझणीत पितळी आवाज येतो. म्हणजे ट्रॉम्बोनला गायकाची चमक मिळू शकते, पण जोर वाढवूनच. गायकाचे जोर आणि चमक हे दोन नियंत्रक बरेचसे स्वतंत्र आहेत, ट्रॉम्बोनचे एकमेकांना बांधलेले आहेत. पुच्चिनीच्या आरियेत हळू पण तेजस्वी असे जे क्षण येतात, ते पितळेवर सर्वांत अवघड का जातात याचे माझ्या मते हे एक कारण आहे.

मूळ लेखाबाबत एवढेच म्हणेन की सुरागणिक रंग बदलल्याने ऐकणाऱ्याचे लक्ष टिकते, हे अगदी शक्य आहे. मात्र त्याला स्वरवर्ण म्हणणे ही उपमा आहे, मोजमाप नव्हे.

चिंबासोवाला

वाद्यवृंदातील खुर्चीवरून थोडे.

वेर्दीच्या सुरुवातीच्या स्वरलिपींत, उदाहरणार्थ 'नाबुक्को' (1842) मध्ये, सर्वांत खालच्या पितळी ओळीपुढे 'चिंबासो' असे लिहिलेले असते. त्या काळी त्या नावाने नेमके कोणते वाद्य वाजत असे, ते प्रत्येक दशकात आणि नाट्यगृहागणिक बदलत गेले. आज ज्याला चिंबासो म्हणतात ते व्हॉल्व्हचे, पुढच्या दिशेला बेल असलेले, ट्रॉम्बोनच्या जातीचे वाद्य आहे. स्वतः वेर्दीला बोंबार्दोन, म्हणजे ट्यूबासारखे रुंद नळीचे वाद्य, ट्रॉम्बोनच्या खाली नको होते, कारण ते त्यांच्यात मिसळत नाही अशी त्याची तक्रार होती. 1881 मध्ये मिलानच्या पेलित्ती यांनी त्याच्या आग्रहातून काँट्राबास (सर्वांत खर्जातला) व्हॉल्व्ह ट्रॉम्बोन बनवला आणि 'ओतेल्लो' (1887) व 'फाल्स्ताफ' (1893) मध्ये ते वाद्य गृहीत धरलेले आहे.

हे सांगण्याचे कारण असे की ऑपेरात आमच्या वाद्यांना क्वचितच गाणे मिळते. वाग्नरच्या 'सीगफ्रीड' (1876) मध्ये ट्यूबाला मोठी संधी मिळते, पण ती गुहेत पडून राहिलेल्या ड्रॅगनची. आम्ही वर्षानुवर्षे गायकाच्या पायाखाली बसतो, त्याचे प्रत्येक वाक्य कोठे संपते हे आम्हाला आमच्या विरामांच्या मोजणीमुळे पाठ असते, आणि तरीही तीच आरिया आमच्या हाती दिली की श्वास भलत्याच ठिकाणी घेतो.

श्वासाचा प्रश्न या धाग्यावर अजून कोणी काढला नाही याचे नवल वाटते, कारण ट्यूबावर तो पहिला प्रश्न आहे. गायकाचे स्वरतंतू हवा फार काटकसरीने वापरतात. ट्यूबाच्या खालच्या सप्तकात ओठ ती उधळतात. मोत्सार्टच्या 'द अ‍ॅबडक्शन फ्रॉम द सेराल्यो' (1782) मधील ओस्मिनच्या 'ओ, वी विल इख ट्रिउम्फीरेन' या आरियेत खालचा डी सूर धरून ठेवायचा असतो. चांगला बास गायक तो एका श्वासात धरतो आणि चेहऱ्यावर आसुरी आनंदही ठेवतो. मी तो ट्यूबावर हळू वाजवला तर कसाबसा पुरतो, मोठ्याने वाजवला तर वाक्य संपायच्या आत मीच संपतो.

यावर उपाय एकच, आणि तो गायकाकडून उसना घेतलेला आहे. श्वास तेथेच घ्यावा जेथे वाक्यात विरामचिन्ह आहे. एका श्वासात पुरत नसेल तर लय किंचित पुढे न्यावी, किंवा सर्वांत महत्त्वाच्या शब्दाच्या अगोदर श्वास घेऊन तो शब्द ताज्या हवेने म्हणावा. शब्दाच्या मध्ये श्वास घेणे हा गुन्हा आहे, आणि शब्द माहीतच नसतील तर तो गुन्हा आपल्या हातून रोज घडतो. शिकागो सिंफनीत 1944 ते 1988 ट्यूबा वाजवणारे आर्नल्ड जेकब्ज गाणेही शिकले होते आणि त्यांच्या शिकवणीचे सूत्रच 'गाणे आणि वारा' असे होते. गाणे आधी, वारा नंतर.

नवशिकी

चिंबासोवाला यांचे आभार. मग ट्यूबावर नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी कोणती आरिया घ्यावी?

चिंबासोवाला

'ला बोएम' (1896) मधील कोलीनची 'वेक्या त्झिमार्रा'. तत्त्वज्ञ आपला जुना अंगरखा गहाण टाकण्यापूर्वी त्याचा निरोप घेतो. आरिया दोनेक मिनिटांची आहे, ताना नाहीत, चाल संथ आहे आणि सगळी करामत बोलल्यासारखे वाजवण्यात आहे. ओस्मिनच्या वाटेला इतक्यात जाऊ नये.

पाचवा व्हॉल्व्ह

आठवडाभर गप्प राहिलो, कारण आधी करून पाहावे असे ठरवले होते.

सारास्त्रोचीच आरिया घेतली. पहिला अडथळा स्वरपट्टीचा. मूळ ई मेजर बी फ्लॅट युफोनियमवर अडचणीचे आहे, बोटे सतत दुसऱ्या आणि तिसऱ्या व्हॉल्व्हभोवती घोटाळतात. सगळे करतात तसे अर्धा सूर उतरवून ई फ्लॅटमध्ये नेले, वाजवणे सोपे झाले आणि आरिया लोण्यासारखी गुळगुळीत झाली. मग हट्टाने मूळ ई मेजरमध्ये परत आलो. येथे मला खर्जनळी यांना एक कबुली द्यावी लागते. ई मेजरमध्ये माझ्या वाद्याचा पोत कमी एकसारखा आहे. मोकळ्या नळीचा (एकही व्हॉल्व्ह न दाबता लागणारा) बी फ्लॅट त्या स्वरपट्टीत येतच नाही, जादा नळीतून जाणारे सूर किंचित दबलेले लागतात, आणि ते दबलेपण त्या गंभीर आरियेला शोभते. चार व्हॉल्व्हच्या कॉम्पेन्सेटिंग (जादा नळ्यांनी सूर आपोआप जुळवणाऱ्या) वाद्यात सुरेलपणाचा प्रश्न बराच सुटतो, ब्लेकली यांनी 1874 मध्ये त्यासाठीच ती रचना केली होती, पण रंगातला हा बारीक फरक त्यानेही पुसला जात नाही.

त्यानंतर शब्द. स्वरलिपीच्या खाली जर्मन शब्द लिहून काढले. 'हाइलगेन हालेन' यातील दोन्ही शब्द 'ह'ने सुरू होतात आणि मी आजवर दोन्ही सूर जिभेच्या आघाताने सुरू करत होतो, म्हणजे चक्क 'टाइलगेन टालेन' म्हणत होतो. जीभ न लावता केवळ फुंकेने सूर सुरू केला तेव्हा पहिले दोन दिवस सूर उशिरा लागला किंवा लागलाच नाही. तिसऱ्या दिवशी लागला. पुढे 'राखे', म्हणजे सूड, या शब्दावर मात्र मी जीभ ठेवली आणि सूर सुटताना फुंक जराशी घासू दिली.

माझी पहिली हरकत मागे घेत नाही. ऑफिक्लाइडचे स्वरवर्ण आंधळेच आहेत. पण युफोनियम एकसारखे वाजते म्हणून मी वाद्याची बाजू घेत होतो, त्या एकसारखेपणातला मोठा भाग माझ्या जिभेच्या आळसाचा होता असे दिसते.

सरकती नळी

'टाइलगेन टालेन' वाचून मोठ्याने हसलो आणि लगेच स्वतःचे मुद्रण काढून ऐकले. हसू थांबले.

खर्जनळी

पाचवा व्हॉल्व्ह यांनी ई मेजर सोडले नाही याचा विशेष आनंद झाला. मीही त्यांच्या सूचनेप्रमाणे 'इल बालेन' ऑफिक्लाइडवर वाजवून पाहिली आणि ती फसली, हे येथे नोंदवतो. वरच्या टप्प्यात माझे ओठ टिकत नाहीत आणि लूनाच्या लांब, सलग ओळीत प्रत्येक सुराचा बदलता रंग खरोखरच खड्ड्यांसारखा जाणवतो. वेर्दीला तेथे एकाच श्वासाची, एकाच रंगाची रेघ हवी आहे आणि ती युफोनियमच ओढू शकते. आधीच्या लेखात मी सर्वच आरियांविषयी बोललो, तसे बोलायला नको होते.

याउलट रोसिनीच्या 'द बार्बर ऑफ सेव्हिल' (1816) मधील दोन बाझिलिओची 'ला कालुन्निया' ऑफिक्लाइडवर जमली. निंदा ही आधी मंद झुळूक असते, मग जमिनीलगत, दबक्या आवाजात, फुसफुसत वाढत जाते आणि शेवटी तोफेसारखी फुटते, असा तिचा आशय आहे. तेथे एकसंध रेघ नकोच आहे, कुजबुज हवी आहे. सुरुवातीचे घोगरे, बंदिस्त सूर हे बाझिलिओचे दात विचकून बोलणे वाटले. ही आरिया अनेक गायक मूळ डी मेजरऐवजी एक सूर खाली, सी मेजरमध्ये गातात. सी ऑफिक्लाइडवर सी मेजर सोपे जाईल असा माझा अंदाज होता, परंतु डी मेजरमध्ये मला अधिक घोगरे सूर मिळाले, म्हणून तेच ठेवले.

तोफेचा प्रश्न मात्र उरला आहे. ध्वनिकुतूहल यांनी सांगितले तसेच घडते. कितीही जोर लावला तरी रुंद नळी झणझणत नाही, नुसती मोठी होते. सरकती नळी यांना विनंती, की तीच जागा ट्रॉम्बोनवर वाजवून येथे ऐकवावी. झुळूक माझी आणि तोफ त्यांची, अशी दोन वाद्यांत वाटून वाजवता येईल का, ते पाहायचे आहे.

सरकती नळी

तोफ पाठवतो. फुसफुशीचा एक तुकडाही मला द्यावा, तेथे एक मींड आहे जी तुमच्या चाव्यांना जमणार नाही.